पोरगं घरी आल्यावर रिपोर्ट आला : आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांचे पालकमंत्री, जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा क्षयरोग अधिकारी

विषय : श्वसनाच्या आजाराने दाखल होणाऱ्या बालकांची जलद मॉलिक्युलर (जंतूचा जनुकीय अंश ओळखणारी) तपासणी खान्देशातल्या सरकारी रुग्णालयांत सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी शिरपूर तालुक्यात औषधांचं दुकान चालवते. फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभी राहून १४ वर्षं झाली. हे पत्र मी दोन नात्यांनी लिहिते आहे. एक, आई म्हणून. दुसरं, लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या हजारो बाटल्या जिच्या हातून गेल्या ती बाई म्हणून. दुसरं नातं मला जास्त छळतं.

आधी घरचं सांगते. पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा सात महिन्यांचा होता. नाक वाहत होतं, अंग गरम, दूध ओढायला कंटाळा. गावातल्या डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिकचं ड्राय सिरप लिहिलं. मीच माझ्या फळीवरून बाटली काढली, लेबलवरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, हलवली आणि पाजली. हे नेमकं कशावर देते आहेस, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या रात्री सासूबाईंनी त्याचं झबलं वर केलं आणि म्हणाल्या, "पोऱ्यानं पोट उडी राहीनं. आते सकाळनी वाट नको पाहू." (पोराचं पोट उडतंय. आता सकाळची वाट नको पाहू.) मी मोबाइलमध्ये एक मिनिट लावून श्वास मोजले. ६६ भरले. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास झाले की तो धोका समजायचा, हे मी दुकानात कितीतरी आयांना सांगितलेलं. त्या रात्री तापीचा पूल, नरडाणा, सोनगीर हा रस्ता मी त्याच्या बरगड्यांकडे बघत काढला.

धुळ्यातल्या एका खासगी बालरुग्णालयात त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ८८ होता. ऑक्सिजन लागला, सलाईन लागलं, दोन प्रकारची इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक बदलून आणखी वरचं आलं. डॉक्टर भले होते. मी विचारल्यावर सरळ बोलले, "ताई, मला हे व्हायरल वाटतंय. पण हातात कागद नसताना अँटिबायोटिक बंद करायची माझी हिंमत होत नाही." मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही बंद केलं नसतं.

स्वॅब मुंबईला पाठवला. पैसे आम्ही भरले, काही हजार. मध्ये पोळा आला, मग रविवार. तोवर बाळाच्या हातातली सुई तीनदा बदलली. शेवटी हाताची शीर मिळेना म्हणून डोक्यावरचे केस काढून तिथे लावली. जुलाब लागले, ढुंगण सोलून निघालं. पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. आम्ही घरी पोचलो, सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मग फोनवर रिपोर्ट आला : आरएसव्ही.

आरएसव्ही हा विषाणू आहे. एक-दोन वर्षांच्या आतल्या बाळांना धाप लावणाऱ्या आजारांत तो पहिल्या क्रमांकावर येतो. त्याच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. बाळाला लागतो ऑक्सिजन, थोडं थोडं दूध, मोकळं नाक आणि वेळ. आमच्या बाळाला हे सगळं मिळालं, म्हणून तो बरा झाला. बाकीच्या सुया तो विनाकारण सोसून आला.

आता दुसरं मूल. हे माझं नाही.

साताऱ्या-पुण्याच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो आणि पाड्यांवरची पावरा, भिल्ल माणसं बाजाराच्या दिवशी खाली येतात. अशीच एक पावरा बाई दोन वर्षांच्या मुलाची चिठ्ठी घेऊन दुकानात यायची. खोकला, ताप, वजन वाढत नाही. चिठ्ठीवर 'न्यूमोनिया' आणि एक ड्राय सिरप. मी तिला म्हटलं, पाणी घातल्यावर बाटली फ्रीजमध्ये ठेव, सात दिवसांत संपव. तिने शांतपणे विचारलं, फ्रीज नाही तर कुठे ठेवू? मी सांगितलं, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेव. महिन्याने ती परत आली, दुसरं औषध, जरा वरचं. तेही मी दिलं.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा माझं बाळ नुकतंच घरी आलेलं. या वेळी मी बाटली काढली नाही. घरात आणखी कोण खोकतं, विचारलं. तिचा नवरा उसतोडीला गुजरातेत जाऊन आल्यापासून खोकत होता. मी तिला सरकारी दवाखान्यात क्षयाच्या तपासणीसाठी पाठवलं. पोराला बेडका काढता येत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं आणि सीबीनॅट या क्षयाचा जंतू ओळखणाऱ्या यंत्रावर लावलं. त्याच दिवशी निकाल आला. क्षय.

सहा महिन्यांचं औषध सरकारकडून मोफत सुरू झालं. ती मला फक्त कागद दाखवायला दुकानात आली. दोन महिने वाया गेले होते आणि त्या दोन्ही बाटल्यांवर माझ्या दुकानाचा शिक्का होता.

साहेब, एका बाळाला अँटिबायोटिक नको होतं आणि ते सलग मिळत राहिलं. दुसऱ्याला वेगळंच औषध हवं होतं आणि ते मिळालं नाही. दोघांच्या चिठ्ठीवर शब्द एकच होता : न्यूमोनिया. हे चिठ्ठी बघून कळत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावून कळत नाही, आणि एक्स-रेवरूनही पुष्कळदा कळत नाही. जंतू ओळखला तरच कळतं.

आणि जंतू ओळखणारं यंत्र आपल्याकडे आहे. याच गोष्टीसाठी मी हे पत्र लिहिते आहे.

क्षयरोग कार्यक्रमाखाली प्रत्येक जिल्ह्यात सीबीनॅट आलं. ते ज्या जीनएक्सपर्ट यंत्रावर चालतं, त्याच यंत्रावर दुसरं कार्ट्रिज घातलं की फ्लू ए, फ्लू बी, आरएसव्ही आणि करोना या चार विषाणूंचं उत्तर साधारण ३६ मिनिटांत मिळतं. नाकातला स्वॅब घ्यायचा, नमुना कार्ट्रिजमध्ये सोडायचा, कार्ट्रिज यंत्रात ठेवायचं. विषाणूचा जनुकीय अंश वाढवून ओळखण्याचं पुढचं काम यंत्र आतल्या आत करतं. गोव्यात तयार होणारं, अशाच कामाचं ट्रूनॅट यंत्र तर बॅटरीवर चालतं. साध्या आरोग्य केंद्रासाठीच ते घडवलं आहे. २०२० मध्ये आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) करोनासाठी त्याला परवानगी दिली आणि तालुक्या-तालुक्यांत ती यंत्रं पोचली. म्हणजे आपल्याला नवी इमारत नको, नवा विभाग नको. कार्ट्रिज हवं, ते चालवणारा तंत्रज्ञ हवा, आणि 'लहान मुलांसाठीही चालवा' असा एक लेखी आदेश हवा.

मी स्वतः तीन ठिकाणी जाऊन विचारलं. कोणाचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं माझ्याशी नीट बोलली आणि दोष त्यांचा नाही. एका ठिकाणी उत्तर मिळालं, यंत्र क्षयाचं आहे, इतर कामाला वापरता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी करोनाच्या वेळचं यंत्र प्लॅस्टिकच्या कव्हरखाली होतं. कंत्राटी तंत्रज्ञाची मुदत संपली आणि नवा आला नाही. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, स्वाइन फ्लूचा दाट संशय असेल तर नमुना बाहेर पाठवतो, निकालाला दिवस लागतात. मी विचारलं, तोवर मुलाचं काय? ते म्हणाले, तोवर उपचार चालूच असतात ना. हो, चालू असतात. नेमके कशावर, एवढंच माहीत नसतं.

यंत्र क्षयरोग कार्यालयाचं, प्रयोगशाळा वैद्यकीय शिक्षण खात्याची, बालरोग वॉर्ड कधी या खात्याचा तर कधी त्या. मूल मात्र एकच असतं आणि ते रात्री दोन वाजता येतं. पत्राच्या वर मी दोन मंत्र्यांची नावं एकत्र लिहिली ती यासाठीच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, त्याचं मी मनापासून स्वागत केलं होतं. पण जी तपासणी होतच नाही, ती मोफत असून गरिबाला काय मिळतं? माझ्याकडे काही हजार होते म्हणून उशिरा का होईना रिपोर्ट मिळाला. त्या पावरा बाईकडे परतीच्या जीपचं भाडं होतं, तेवढंच.

कोणी म्हणेल, एका-दोघा मुलांवरून एवढं कशाला. म्हणून एक अभ्यास सांगते. आफ्रिका आणि आशियातल्या ७ देशांत 'पर्च' नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गंभीर न्यूमोनियाने दाखल झालेल्या, एक्स-रेत दोष दिसलेल्या आणि एचआयव्ही नसलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांत सुमारे ६१ टक्के आजार विषाणूंचा, २७ टक्के जिवाणूंचा आणि जवळपास ६ टक्के क्षयाचा निघाला. एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्के होता. त्या ७ देशांत भारत नव्हता, बांगलादेश होता. आपल्याकडे २०२१ पासून न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची लस सगळ्या बाळांना मिळते आहे, त्यामुळे जिवाणूंचा वाटा आपल्याकडेही उतरणार. मग चिठ्ठ्या मात्र जुन्याच का?

माझ्याकडे याचा पुरावा आहे, छोटासा. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक शेड्यूल एच-१ मध्ये गेली. ती विकली की रुग्णाचं, डॉक्टरांचं, औषधाचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं असतं. सेफिक्झिम त्यात येतं. पाऊस लागला की माझ्या रजिस्टरची पानं मुलांच्या नावांनी भरायला लागतात. वय दीड वर्ष, वय आठ महिने, वय दोन वर्ष. गणपतीपर्यंत तेच, मग पुन्हा थंडीत. ही पानं लिहिताना पूर्वी माझा हात सरसर चालायचा. आता प्रत्येक नावापाशी अडतो.

ही औषधं उगाच देत राहिलो तर ज्या दिवशी खरोखर जिवाणू असेल त्या दिवशी ती चालणार नाहीत. आमच्याकडे बोंडअळीवर तेच तेच फवारून औषधाला अळी जुमानेनाशी झाली, हे कापूसवाल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही.

तपासणी फक्त औषध थांबवण्यासाठी हवी, असंही नाही. फ्लू निघाला तर ओसेल्टामिविर आहे. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा गुण सर्वांत चांगला. ते माझ्या फळीवर पडून असतं, कारण निकाल येईपर्यंत ते ४८ तास कधीच उलटलेले असतात. डांग्या खोकला निघाला तर अँटिबायोटिक द्यावंच लागतं. तान्ह्या बाळात त्याचा ठरावीक आवाज येतही नाही, बाळ एकदम श्वास धरतं, आणि तो ओळखायलाही मॉलिक्युलर चाचणी उपयोगी पडते. शिवाय वॉर्डात एका खाटेवर दोन लेकरं ठेवायची वेळ येते तेव्हा आरएसव्हीचं बाळ फ्लूच्या बाळाशेजारी ठेवलं तर दोघांनाही दोन्ही होऊ शकतात. कोणाला काय आहे हे कळल्याशिवाय सिस्टरनी खाटा लावायच्या कशा?

माझ्या मागणीची कच्ची बाजूही मीच मांडते, म्हणजे फाईलवर तेच कारण लिहून पत्र परत येणार नाही. एक विषाणू सापडला म्हणून सोबत जिवाणू नाहीच, असं ठरत नाही. सर्दीचे काही विषाणू तर धडधाकट मुलाच्या नाकातही सापडतात. परदेशातल्या तातडीच्या विभागांत ही चाचणी वापरून पाहिली, तेव्हा छातीचे एक्स-रे कमी झाले, पण अँटिबायोटिक ठळकपणे घटल्याचं दिसलं नाही. म्हणजे निकाल आल्यावर काय करायचं, हे डॉक्टरांच्या हातात लेखी असायला हवं आणि ते पाळल्यावर वरिष्ठांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं. आणि सगळ्यात आधी येतो तो ऑक्सिजन. ज्या आरोग्य केंद्रात लहान बोटाला बसणारा ऑक्सिमीटर नाही, तिथे आधी तो द्या. कार्ट्रिज त्याच्यानंतर. केंद्राच्या बाल-न्यूमोनियावरच्या 'सांस' मोहिमेत २०१९ पासून श्वास मोजण्यावर आणि वेळेत पुढे पाठवण्यावर भर आहे, तो योग्यच आहे. माझी मागणी त्या मोहिमेच्या पुढच्या पायरीची आहे.

पैशाचंही बोलू. चार विषाणूंचं कार्ट्रिज क्षयाच्या कार्ट्रिजपेक्षा महाग आहे, मला माहीत आहे. पण क्षयाचंही आधी महागच होतं. जगभरातून दबाव आल्यावर २०२३ मध्ये गरीब देशांसाठी त्याची किंमत सुमारे १० डॉलरवरून ८ डॉलरच्या आत आली. राज्याकडे आता स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. एकेका रुग्णालयाने दहा-वीस कार्ट्रिज मागितली तर कंपनी ऐकणार नाही. राज्याने एकत्र मागितली तर भावाचं बोलता येईल. दुकानदार म्हणून एवढं मी खात्रीने सांगते.

आणि खान्देशाला हे झेपणार नाही, असं कृपा करून म्हणू नका. करोनाच्या सुरुवातीला आमचे नमुने पुण्याला जायचे. मग धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली, पुढे जळगावातही. २०२१ मध्ये देशभर लोक सिलिंडरसाठी धावत होते तेव्हा नंदुरबारमध्ये, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात, ऑक्सिजनचे प्रकल्प आधीच उभे होते. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा हा मुलगा आणि राज्यातला सर्वांत मागास म्हणून ओळखला जाणारा जिल्हा, त्यांनी हे करून दाखवलं. आज धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. माणसं आहेत, जागा आहे.

तेव्हा आमचं मागणं स्पष्ट शब्दांत असं.

येत्या पावसाळ्याआधी तिन्ही जिल्ह्यांच्या मुख्य सरकारी रुग्णालयांत, धाप लागून दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची फ्लू आणि आरएसव्हीची जलद चाचणी सुरू करावी. निकाल त्याच पाळीत मिळावा. क्षयाची यंत्रं यासाठी वापरायला क्षयरोग विभागाने लेखी संमती द्यावी, मात्र क्षयाचे नमुने त्यापायी मागे पडू नयेत.

ज्या मुलाचा न्यूमोनिया औषधाने हटत नाही, किंवा पुन्हा पुन्हा होतो, किंवा जे मूल कुपोषित आहे, त्याची क्षयाची मॉलिक्युलर तपासणी पहिल्यांदा दाखल झाल्यावरच व्हावी. पोटातलं पाणी काढणं जमत नसेल तिथे शौचाचा नमुना चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी तो मान्य केलेला आहे. आईने तीन बाटल्या संपवेपर्यंत थांबू नये. पोषण पुनर्वसन केंद्रात आलेल्या मुलांपासून याची सुरुवात करता येईल.

धडगाव, मोलगी, तोरणमाळ आणि शिरपूर-चोपडा-यावलच्या पट्ट्यातल्या पाड्यांसाठी ट्रूनॅट ग्रामीण रुग्णालयात चालू स्थितीत असावं. जिथे ते नाही तिथला स्वॅब थंड पेटीतून त्याच दिवशी खाली यावा. लसीची पेटी वर जातेच. येताना ती बरीचशी रिकामी येते.

बंद पडलेली, कव्हरखालची यंत्रं किती आणि कशामुळे बंद, याची जिल्हावार यादी जाहीर करावी आणि तंत्रज्ञांची पदं भरावीत, रात्रपाळीसह.

आणि एक लहानशी, बिनखर्चाची गोष्ट : या आठवड्यात आपल्या जिल्ह्यात मुलांमध्ये कोणता विषाणू फिरतो आहे, हे दर सोमवारी गावच्या डॉक्टरांना आणि आम्हा औषध दुकानदारांना कळवावं. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्या आल्या तेव्हा लोक घाबरून माझ्या दुकानात मास्क मागायला आले होते. तो विषाणू २००१ मध्येच सापडलेला आहे, हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं. आम्हाला कळलं तर आम्ही सांगू. ज्या चिठ्ठीबद्दल शंका येते, तिच्याबद्दल डॉक्टरांना फोनही करू.

माझा मुलगा आता चालायला लागला आहे. उजव्या कानाच्या वर, जिथे सुई लावली होती तिथले केस जरा उशिरा आले. त्या पावरा बाईच्या मुलाचं औषध अजून सुरू आहे. दर महिन्याला ती खाली येते, गोळ्या घेते आणि जाताना दुकानासमोर त्याला उभं करून मला दाखवते. गेल्या वेळी त्याच्या अंगावर थोडं मांस दिसलं.

माझं एच-१ रजिस्टर दुकानात आहे. आपल्यापैकी कुणीही, किंवा आपण पाठवाल तो अधिकारी, कोणत्याही दिवशी सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत येऊन ते बघू शकतो. रुग्णांची नावं झाकून मी स्वतः पानं उलटून दाखवीन. या पत्राचं उत्तर लेखी मिळावं, ही विनंती.

आपली,
शिरपूर तालुक्यातील एक औषध दुकानदार आणि आई